मुलांच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं?

आमच्या मंडळीच्या महिला संघातल्या आम्ही पाचजणी गेली काही वर्षं चर्चच्या मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट सांभाळतो. लोखंडी कपाट आहे, एक दार नीट लागत नाही, म्हणून दोरी बांधलेली आहे. रविवारी उपासना झाली की दोरी सोडायची, आलेल्यांना पुस्तकं द्यायची, वहीत नाव लिहायचं, एवढंच आमचं काम. केंद्रावरच्या ताईंनी विचारलं, ख्रिस्ती पुस्तकांविषयी दहा-बारा मिनिटं बोलाल का? लहानांनी काय वाचावं, मोठ्यांनी काय वाचावं? आम्ही हो म्हटलं खरं. पण हे बोलणं ऐकणाऱ्या सगळ्या बाया ख्रिस्ती नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, आणि ते लक्षात ठेवूनच बोलणार आहोत.

आधी आमची एक चूक सांगतो. कपाटात एक सचित्र पुस्तिका होती. कुणीतरी गठ्ठाच आणून ठेवला होता, फुकट वाटायला. आम्ही ती न वाचताच मुलांना दिली. रंगीत होती, कागद गुळगुळीत होता, म्हणजे मुलांसाठीच असणार असं धरून चाललो. आमच्यातल्याच एकीचा नातू, आठ वर्षांचा, ती घरी घेऊन गेला. आत नरकाच्या आगीची चित्रं होती. दोन रात्री पोरगा झोपला नाही. तिसऱ्या रात्री त्याने आईला विचारलं, "नाना आगीत आहेत का?"

त्याची आई लग्न होऊन आमच्या मंडळीत आलेली. नाना म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर पंढरीची वारी केली, आदल्या वर्षीच वारले होते. त्या मुलीने मुलाला जवळ घेतलं, आणि पुढचे कितीतरी रविवार ती चर्चला आली नाही. आम्ही कुणी तिला विचारायलाही गेलो नाही, कारण काय तोंडाने जाणार?

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. मुलांच्या हातात जाणारं प्रत्येक पुस्तक आमच्यातल्या दोघींनी आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. ज्यात भीती घालून भक्ती शिकवलेली असते, ज्यात दुसऱ्याच्या देवाची टर उडवलेली असते, ते कपाटात ठेवायचं नाही. काहीजणांना हे पटलं नाही. आम्ही वाद घातला नाही. गठ्ठा मात्र उचलला.

मग द्यायचं काय? पहिलं पवित्र शास्त्रच. पण पवित्र शास्त्र म्हणजे एक पुस्तक नव्हे, छोट्यामोठ्या सहासष्ट पुस्तकांचा तो संग्रह आहे. उत्पत्तीपासून सुरुवात केलेल्या बाया लेवीयपर्यंत येऊन दमतात हे आम्ही इतक्यांदा पाहिलं आहे! क्रमाने वाचायचा हट्ट नको. मुलांना योसेफाची गोष्ट सांगा. भावांनी विकलेला पोर परमुलखात मोठा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ त्याच्या दारात धान्य मागायला येतात. ही गोष्ट उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायापासून सुरू होते. रोज थोडी थोडी सांगितली तर पंधरा दिवस पुरते. योना चारच अध्यायांचा. तो रुसलेला संदेष्टा मुलांना फार आवडतो, कारण ती स्वतःही तशीच रुसतात. आणि लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला. तो सांगताना थोरल्या भावावर घाई करू नका. घरात राहून राबणाऱ्या त्या भावाचा राग मुलांना बरोबर कळतो, आणि बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो हेही कळतं.

मोठ्या बायांना आम्ही रूथ देतो. हेही चारच अध्याय. सासू नामी, सून रूथ, दोघी विधवा. दुष्काळ, परका मुलूख, घरात कमावतं कुणी नाही. सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी ज्वारीच्या नाहीतर भुईमुगाच्या रानात सरवा वेचला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एक म्हातारी आमच्याकडे वाचायला नाही, ऐकायला येते. रूथ ऐकून झाल्यावर म्हणाली, "ही नामी फार बोलत नाही, पर तिला समदं ठावं आसतंय."

कोणतं भाषांतर घ्यावं, असं पुष्कळजणी विचारतात. चर्चमध्ये वाचतात ते घरी असतंच. सोपं वाचायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या. त्याला 2013 सालचा साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कार मिळाला होता. जाडजूड आहे, पण भाषा प्रसन्न आणि टिपाही भरपूर. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही संदर्भ समजतात. आमच्या कपाटात हे पुस्तक क्वचितच जागेवर सापडतं.

भाषांतरावरून पंडिता रमाबाईंची आठवण येते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायांना कळेल अशी भाषा असावी हा त्यांचा आग्रह होता. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून पुरं झालं. खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बाया आणि मुली होत्या. आम्हाला त्या पुस्तकापेक्षाही ते खिळे जुळवणारे हात जास्त दिसतात. काल दुष्काळात टाकलेली पोर, आज तिच्या बोटांनी शब्द उभा राहतो. रमाबाईंचं स्वतःचं वाचायचं असेल तर अमेरिकेच्या प्रवासावरचं पुस्तक वाचा, 1889 मध्ये आलेलं. ते धार्मिक पुस्तक नाही, पण डोळे उघडे ठेवून फिरणारी बाई कशी लिहिते ते त्यात दिसतं.

आता मुलांकडे परत येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. 'केवढे हे क्रौर्य!' ही त्यांची कविता आपल्यापैकी कितीजणींनी शाळेत पाठ केली असेल, कवी ख्रिस्ती पाळक होता हे माहीतही नसताना. बाण लागलेल्या पक्षिणीची ती कविता मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. धर्म शिकवायचा म्हणून नव्हे. दुसऱ्याचं दुखणं ओळखायला शिकलं तर बाकीचं पुढे समजतं.

जॉन बन्यनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हेही मुलांना गोष्टीसारखं सांगता येतं. त्याचं मराठी भाषांतर 'यात्रिकक्रमण' हरी केशवजींनी 1841 मध्ये केलं. ते आज वाचायला जड जातं, हे कबूल. पण गोष्ट साधी आहे. पाठीवर ओझं घेतलेला एक माणूस घरातून निघतो, चिखलात रुततो, डोंगर चढतो, संशयाच्या किल्ल्यात कैद होतो, आणि सुटकेची किल्ली आपल्याच खिशात होती हे त्याला उशिरा आठवतं. हा भाग सांगितला की मुलं हमखास आपले खिसे चाचपतात. वारी पाहिलेल्या मुलांना वाटेवरच्या माणसाची गोष्ट परकी वाटत नाही.

नाताळात आम्ही दरवर्षी टॉलस्टॉयची चांभाराची गोष्ट सांगतो. मार्टिन नावाचा म्हातारा चांभार, आज प्रभू आपल्याकडे येणार म्हणून खिडकीतून वाट बघत बसतो. येतं कोण? बर्फ उपसणारा थकलेला म्हातारा, थंडीत कुडकुडणारी लेकुरवाळी बाई, सफरचंदं विकणारी म्हातारी आणि तिचं एक फळ पळवणारा पोरगा. पुढचं सांगत नाही. टॉलस्टॉयच्या गोष्टी मराठीत मिळतात. इंग्रजी शाळेतल्या नातवंडांसाठी सी. एस. लुईसची नार्नियाची सात पुस्तकं आहेत, पहिलं 1950 सालचं. आम्हाला ती स्वतःला वाचता आली नाहीत. नातवंडांनीच आम्हाला सांगितली, संध्याकाळी भाजी निवडताना. कपाटातून दुसऱ्या जगात जायची वाट निघते म्हणे. आमच्या दोरी बांधलेल्या कपाटातून निघाली तर बरंच होईल.

खरं बोलायचं तर मुलांना मराठी वाचताच येत नाही, ही आमची मोठी अडचण आहे. बोलतात फाडफाड, पण जोडाक्षर आलं की थांबतात. 1872 मध्ये सुरू झालेल्या 'बालबोधमेवा' मासिकावर आमच्या आजी वाढल्या. आज तसं काही हातात द्यावं तर मुलं चित्रं बघतात आणि ठेवून देतात. त्यावर आम्हाला एकच उपाय सापडला: आपण वाचायचं, त्यांनी ऐकायचं. रोज एक पान. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, आपलासुद्धा.

मोठ्यांसाठी एकच पुस्तक निवडा म्हटलं तर आम्ही पाचहीजणी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर बोट ठेवू. याला ख्रिस्ती पुस्तक म्हणावं का, यावर आमच्यात एकदा बराच वाद झाला. कारण त्यात उपदेश असा नाहीच. नाशिकजवळच्या जलालपूरची मनू गोखले, 1868 चा जन्म. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. कोवळ्या वयात लग्न. नवरा कवी, उदार, तापट, हातात पैसा न टिकणारा. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सोडलं नव्हतं. एकेक गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवली, आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्या सांगतात कसं, तर ओट्यावर बसून शेजारणीला सांगावं तसं. हसवत हसवत. स्वतःची फजिती लपवत नाहीत, आणि नवऱ्याचीही लपवत नाहीत! टिळकांबरोबर त्या आपल्या नगरला, राहुरीला राहिल्या, त्यामुळे आम्हाला तर ते घरचंच पुस्तक वाटतं. शाळेत न गेलेल्या या बाईने पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' स्वतः ओव्या रचून पुरं केलं.

हे पुस्तक आम्ही त्या सुनेला नेऊन दिलं. गुळगुळीत पुस्तिका दिल्यावर सहा महिन्यांनी आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेलो. चूक झाली म्हणालो. तिने चहा केला, पुस्तक ठेवून घेतलं, फार बोलली नाही. महिनाभराने परत करायला आली तेव्हा म्हणाली, "लक्ष्मीबाईंना टिळकांनी पाच वर्षं दिली. मला लग्नाआधी पंधरा दिवस दिले होते."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. तिची सासू तिथेच उभी होती, ती आमच्यातलीच एक. ती म्हणाली, "खरं आहे." एवढंच. पण ते एवढंसुद्धा त्या घरात आधी कुणी म्हटलं नव्हतं.

मुलाचं काय झालं विचाराल. नाना कुठे आहेत याचं उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ते आम्ही त्याला तसंच सांगितलं. उधळ्या पुत्राचा बाप रस्त्याकडे डोळे लावून बसला होता एवढं आम्हाला माहीत आहे, हेही सांगितलं. नानांची टाळ ठेवायची पिशवी त्याच्या आईने जपून ठेवली आहे. आता ती त्याच्या खोलीत खुंटीला असते.

दुःखात असलेल्या बाईला काय द्यावं, हेही सांगून टाकतो. देवाची इच्छा, असं लिहिलेल्या पत्रिका देऊ नका. निदान पहिल्या वर्षात नको. आमच्यातल्या एकीचा तरुण मुलगा गेला तेव्हा तिच्याकडे अशा दहा पत्रिका जमल्या. तिने त्या चुलीत घातल्या. तिला धरून ठेवलं ते 88व्या स्तोत्राने. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. ती म्हणाली, शास्त्रात असंही लिहिलेलं चालतं, हे कळल्यावर मला बसता आलं.

आणि ज्यांना जुन्या मराठीची गोडी आहे त्यांनी फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'त डोकवावं. इंग्रज माणूस 1579 मध्ये गोव्यात आला, आणि 1616 मध्ये रायतूरला त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण छापून निघालं. तेही रोमन लिपीत. आता देवनागरीत मिळतं. सगळं वाचून होणार नाही, आमचंही झालेलं नाही. चार ओव्या मोठ्याने म्हणून बघा. पोथी ऐकलेल्या कानाला चाल आपोआप सापडते.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही 1857 ची कादंबरी विधवांच्या हालांवर आहे. कथा म्हणून थोडी कोरडी, मध्येच भाषणं फार. पण मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेकजण जिचं नाव घेतात ती बायांच्या दुःखावर लिहिलेली आहे, एवढ्यासाठी आम्ही ती ठेवली आहे.

कपाट रविवारी साडेदहाला उघडतं. वहीत नाव लिहायला जात-धर्म लागत नाही. पुस्तक पंधरा दिवसांनी आणून द्यायचं. पान फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, पिवळी पडते. खळ आमच्याकडे असते. आणि 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत गेल्या पावसाळ्यापासून कुणाकडे तरी आहे. वाचून झाली असेल तर आणून द्या ताई, तीनजणी वाट बघताहेत.