लहान लॉजचे स्वतःचे संकेतस्थळ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे 'हॉटेल' हा शब्द मोठा फसवा आहे. 'चला, हॉटेलात बसू' असे कुणी म्हटले, की डोळ्यांपुढे चहा आणि भजी येतात. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो. दहा-पंधरा खोल्या, खाली काउंटर, भिंतीवर किल्ल्या आणि टेबलावर रजिस्टर. आज मी बोलणार आहे ते अशा लहान लॉजच्या संकेतस्थळाबद्दल, म्हणजे वेबसाइटबद्दल. मी स्वतः असा लॉज चालवतो आणि त्याचे संकेतस्थळ मीच तयार केले आहे. संगणकाचे मोठे शिक्षण त्यासाठी लागले नाही. आपल्याकडे येतो कोण आणि त्याला काय विचारायचे असते, एवढे मात्र नीट ठाऊक असावे लागते.

छत्रपती संभाजीनगरला येतो कोण? अजिंठा आणि वेरूळ ही लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. ती पाहायला देशोदेशीचे पर्यटक येतात. घृष्णेश्वराच्या दर्शनाला भाविक येतात, त्यांतले कितीतरी शिर्डी करून आलेले असतात. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असलेले पक्षकार येतात. घाटी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक येतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत कामासाठी इंजिनिअर येतात. पूर्वी ही मंडळी स्टेशनवर उतरायची आणि रिक्षावाला नेईल त्या लॉजवर जायची. आता पाहुणा गाडीत बसण्याआधीच मोबाइलवर खोली ठरवतो. रस्त्यावरची पाटी तो नंतर पाहतो. आधी पाहतो ती मोबाइलमधली पाटी.

ही पाटी आज बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या हातात आहे. खोल्यांचे बुकिंग करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यासाठी कमिशन घेतात. करारानुसार ते बदलते, पण साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या घरात असते. हिशेब करून पाहा. खोलीचा दर १५०० रुपये आणि कमिशन २० टक्के धरले, तर एका रात्रीचे ३०० रुपये गेले. महिन्याला अशा शंभर रात्री भरल्या, तर ३० हजार रुपये. लहान लॉजवर तेवढ्यात दोन माणसांचा पगार निघतो.

आणखी एक अडचण होती. हॉटेलने स्वतःच्या संकेतस्थळावरही कंपनीपेक्षा कमी दर लावू नये, अशी अट काही करारांत असे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना सुमारे २२३ कोटी रुपये आणि ओयोला सुमारे १६९ कोटी रुपये दंड ठोठावला, तेव्हा अशा अटी काढून टाकण्याचा आदेशही मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना दिला. त्याला पुढे आव्हान दिले गेले. पण आपल्या खोलीचा दर ठरवायचा कुणी, हा प्रश्न त्यामुळे उघडपणे चर्चेत आला. आपला करार काढून ती कलमे नीट वाचावीत, हे माझे प्रत्येक लॉजवाल्याला सांगणे आहे.

याचा अर्थ या कंपन्या सोडून द्याव्यात असा नाही. परगावच्या अनोळखी माणसाला आपले नाव प्रथम तिथेच कळते. पण तोच पाहुणा दुसऱ्यांदा येताना, किंवा त्याच्या ओळखीने आणखी कुणी येताना, थेट आपल्याकडे यावा. त्यासाठी त्याच्या हाती आपला स्वतःचा पत्ता हवा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात. एक म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचे नाव. दुसरी होस्टिंग, म्हणजे ते ठेवण्यासाठी भाड्याची जागा. साध्या चार-पाच पानांच्या संकेतस्थळाला दोन्ही मिळून वर्षाला काही हजार रुपये पुरतात. डोमेनच्या शेवटी 'डॉट इन' घेता येते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ताही मिळतो. संकेतस्थळासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र आता फुकटही मिळते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. डोमेन मालकाच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घ्यावे. पाने कुणाकडूनही बनवून घ्या, शेजारच्या मुलाकडून घ्या, पण डोमेन हा आपला सातबारा आहे. तो दुसऱ्याच्या नावावर असला आणि तो माणूस नोकरीसाठी पुण्याला निघून गेला, की पाटी आपली आणि जमीन त्याची, अशी गत होते. नूतनीकरणाची तारीखही वीजबिलाप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मुदत चुकली आणि नंतरचा काळही गेला, तर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

नावाचा प्रश्न आपल्या शहरात विशेष आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने शहराच्या नामांतराला मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचेही नाव बदलले. पण परदेशी पाहुण्याच्या हातातल्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकात औरंगाबाद असेच छापलेले आहे आणि शोधताना तो तेच टाइप करतो. शिवाय बिहारमध्येही औरंगाबाद आहे. म्हणून पहिल्याच पानावर दोन्ही नावे, पुढे 'महाराष्ट्र', आणि स्टेशन, बसस्थानक व विमानतळापासूनचे अंतर स्पष्ट लिहावे. पाहुणा योग्य गावी उतरणे ही पहिली गरज.

संकेतस्थळावर काय लिहावे? 'आमच्याकडे उत्तम सोयी आहेत' हे वाक्य कुणीच वाचत नाही. पाहुणा फोनवर जे विचारतो, तेच लिहावे. गरम पाणी किती ते किती? लिफ्ट आहे का? गाडी लावायला जागा आहे का? पहाटे तीनच्या गाडीने आलो तर दार उघडाल का? जेवण मिळते का, की जवळ खानावळ आहे? कर धरून दर किती? लिफ्ट नसेल तर 'लिफ्ट नाही, तळमजल्यावर दोन खोल्या आहेत' असे सरळ लिहावे. आजारी आईला घेऊन येणाऱ्या माणसाला ते वाक्य सगळ्या फोटोंपेक्षा मोलाचे वाटते.

आणखी एक माहिती द्यावी, जी या शहरातल्या लॉजवाल्यानेच द्यायला हवी. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री उतरलेल्या पाहुण्याने सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केले, तर दोन्ही पाहून होते. उलटे केले, तर दोन्ही दिवस वाया जातात. वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर आहे, वाटेत देवगिरी किल्ला लागतो. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे आणि गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून तिथून पुढे बसने जावे लागते. हे एक पान मी लिहिले आणि 'आम्ही अमुक वारी येतोय, चालेल ना?' असे विचारणारे फोन येऊ लागले. बोलणे लेण्यांपासून सुरू होते आणि खोलीवर येते.

फोटो दिवसाउजेडी, खोली आवरून, दारातून काढावेत. मोबाइलवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे दहा चढवले, तर पान उघडेपर्यंत पाहुणा कंटाळून निघून जातो. प्रत्येक फोटो दोनशे केबीपर्यंत लहान करावा. फोन क्रमांक चित्रात न लिहिता मजकुरात लिहावा, म्हणजे बोट लावताच फोन लागतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. पूर्वी वेगवेगळ्या फाँटमुळे पाहणाऱ्याला नुसते चौकोन दिसत, तो त्रास आता उरलेला नाही.

सुरुवातीलाच संकेतस्थळावर पैसे भरण्याची सोय केली पाहिजे असे नाही. पाहुण्याने फोन किंवा व्हॉट्सॲप करावे, आपण रजिस्टर पाहून होकार द्यावा, ॲडव्हान्स यूपीआयने घ्यावा, हे बारा खोल्यांना पुरेसे आहे. एकच खोली दोघांना दिली जाऊ नये, म्हणून सगळी बुकिंग, कंपन्यांकडून आलेलीही, एकाच रजिस्टरात लिहावीत.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. हॉटेलांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून, खोटे क्रमांक देऊन ॲडव्हान्स उकळण्याचे प्रकार देशभर घडले आहेत, तीर्थक्षेत्री तर अधिक. आपला खरा क्रमांक आणि पैसे कोणत्या नावावर जमा होतात, हे आपल्या संकेतस्थळावर ठळक असावे. पावतीवर, व्हिजिटिंग कार्डावर आणि दारावरच्या पाटीवर तोच पत्ता छापावा. कुणी फसलाच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करायला सांगावे. ज्याचे स्वतःचे संकेतस्थळ नाही, त्याच्या नावाचे खोटे कोणते आणि खरे कोणते, हे पाहुण्याने कशावरून ओळखावे?

पाचशे खोल्यांच्या हॉटेलला जाहिरातीसाठी माणसे ठेवता येतात, आपल्याला ते परवडत नाही. पण आपल्या गल्लीतले पाणी केव्हा येते, सकाळी लवकर चहा कुठे मिळतो, खंडपीठाकडे जायला रिक्षाला किती पडतात, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक नसते. ते साध्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहून काढा आणि दर बदलला की त्याच दिवशी पानावर बदला. तेवढे केले, तरी निम्मे काम झाले.