कागदावरील समुद्र

नारळी पौर्णिमा व राखी एकाच दिवशीं येतात. बोटीवर चाकरीस असलेल्या भावास राखीसोबत घरीं केलेलें शुभेच्छापत्र धाडावयाचें, तर श्रोतेहो, त्यावर लाटा रेघांनीं काढूं नयेत. तें काम मिठावर सोंपवावें. जाड कागद भिजवून निळा जलरंग पसरावा आणि ओली चकाकी मावळूं लागतांच जाडें मीठ विरळ पेरावें. प्रत्येक खडा भोंवतालचें पाणी ओढून घेतो, रंग सरकतो आणि फेंसासारख्या फिकट चांदण्या उमटतात. घाई झाल्यास मीठ विरघळतें. उशीर झाल्यास रंग हलतच नाहीं. विस्तवाजवळ मात्र वाळवूं नये. श्रावणांतल्या दमट हवेंत रात्र लागली तरी लागूं द्यावी. मग मीठ कसोशीनें झाडावें, कारण राहिलेला कण ओल धरतो आणि लखोट्यांत रंग राखीस लागावयाचा. शेवटीं तपकिरी कागदाचा मचवा व पांढरें त्रिकोणी शीड कातरून चिकटवावें.