वेबसाइट बांधायला शिकताना

सुरतच्या उधना, पांडेसरा, बमरोली भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या मुलामुलींसाठी आजचा विषय : वेबसाइट बांधायला काय शिकावं?

सुरुवात एचटीएमएलपासून. पानावर शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, हे ही भाषा ब्राउझरला सांगते. रंग आणि मांडणी सीएसएसकडे. बटण दाबल्यावर काही घडवायचं असेल तर जावास्क्रिप्ट, १९९५ साली आलेली. या तिन्हींसाठी साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर पुरतो. आधी ही तीन नीट शिका. तयार फ्रेमवर्कच्या, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या सांगाड्यांच्या, मागे घाईनं लागू नका, हे मी आग्रहानं सांगेन.

मराठी पानात यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत नमूद करा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटू शकतात. भाषेचा संकेत 'एमआर' द्या. दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यावरून मराठी ओळखता येते.

इंग्रजीची धास्ती वाटते? मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीत, विनामूल्य आहेत. पाठ थांबवा, तेच स्वतः टाइप करा, चूक शोधा, मग पुढे जा. पहिलं पान म्हणून गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम मांडून पाहा.