ग्रंथालयातील पुस्तक सापडते कसे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वरवट बकालचा मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन शेगाव, अकोला अथवा अमरावतीच्या महाविद्यालयात जाते, तेव्हा पहिली अडचण ग्रंथालयातच येते. हजारो पुस्तकांतून आपले पुस्तक काढायचे कसे? संकोचामुळे विचारले जात नाही आणि मग बाजारातल्या गाईडवर वर्ष निघते. म्हणून आज याच विषयावर बोलण्याचे योजले आहे.

पुस्तकाच्या पाठीवर चिकटविलेला आकडा हा त्या पुस्तकाचा पत्ता होय. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडले व पुढे दशांशाने पोटविभाग केले. ६०० म्हणजे तंत्रविद्या, त्यात ६३० शेती, आणि आपल्या वऱ्हाडचा कापूस ६३३.५१ वर. इस्लामविषयक ग्रंथ २९७, मराठी साहित्य ८९१.४६, उर्दू साहित्य ८९१.४३९. एवढे ठाऊक असले तरी निम्मे काम झाले.

खरी गुंतागुंत नावांत आहे, आणि ती आपल्या समाजाला अधिक जाणवते. श्रीगोंद्याचे संतकवी, ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद यांचेच पाहा. कोणी महंमद लिहितो, कोणी महमद, कोणी मुहम्मद. पुन्हा ‘शेख’ या शब्दाखाली नोंद केली तर तेथे सगळे शेख जमा होणार! जाणता ग्रंथपाल एक रूप निश्चित करतो व इतर रूपांखाली ‘तेथे पाहा’ अशी नोंद ठेवतो. संगणक वेगवान खरा, पण ही नोंद कोणी केलेली नसेल तर एका काना-मात्रेच्या फरकाने तो पुस्तक नाही असे बेधडक सांगतो. तेव्हा विद्यार्थ्यांनो, एकदा सापडले नाही म्हणून परतू नका. दुसऱ्या लेखनाने शोधा.

पुस्तकाची पाने स्कॅन केली की काम संपले, असाही एक समज आहे. स्कॅन म्हणजे केवळ चित्र. त्यातील अक्षरे यंत्राला ओळखावी लागतात. देवनागरी छपाई बरीच ओळखली जाते. उर्दूच्या नस्तालिक लिपीत अक्षरे तिरकी व एकमेकांवर चढलेली असतात, तेथे यंत्र अडखळते. लेखक, विषय, साल यांची नोंद नसेल तर असे स्कॅन म्हणजे नाव न लिहिलेले पोते.

यातून विनामूल्य लाभ मात्र मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर जमा होऊ लागले. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रार्पण झाले. त्यात शालेय अभ्यासाचे साहित्यही आहे. उर्दू ग्रंथांसाठी ‘रेख्ता’ आहे. मुलीच्या हाती फोन देण्यास का-कू करणाऱ्या पालकांनी हे आधी स्वतः उघडून पाहावे.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत स्वामित्वहक्क असतो, म्हणून प्रत्येक पुस्तक फुकट मिळणार नाही, हेही खरे.

जाता जाता एक विनंती. घरच्या पेटीत जुने उर्दू किंवा मोडी कागद असतील तर त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, आणि कोणाचे व कोणत्या सालचे आहेत ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.