सरासरीत हरवलेला हात

मिरकरवाड्याच्या जेटीला ट्रॉलर लागला की जी मासळी उतरते ती सगळी मिसळलेली. बांगडा, म्हाकूल, कोळंबी, मांदेली आणि कुणी भाव न विचारणारी बारीकसारीक पिल्ले. मग बायका निवडायला बसतात. हात इतके झरझर चालतात की बघणाऱ्याला वाटावे, यात अवघड ते काय? त्यांना अवघड नाहीच. बांगडा कसा दिसतो हे त्या लहानपणापासून जाणतात. शिवाय उजेड असतो.

आता श्रोतेहो, समजा दाट धुके आहे. किती जातींचे मासे आहेत ठाऊक नाही, प्रत्येक मासा वेगळ्या कुशीवर पडलेला, आणि मासे लाखभर. अशी निवड करणारी माणसे आहेत. माझी एक भाची बंगळुरूला हेच करते. मी साधा बी.ए., कवितेत रमणारा. तिने फोनवर समजावले तेवढे सांगतो.

पेशीतल्या प्रथिनांचे द्रावण पातळ थरात पसरून द्रवरूप इथेनमध्ये बुडवतात. ते इतक्या झटकन गोठते की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. प्रथिने होती त्या स्थितीत अडकतात. ही युक्ती जाक दुबोशे यांची. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून चित्रे घ्यायची. पण मारा जास्त झाला तर प्रथिन बिघडते, म्हणून तो जपून. साहजिकच प्रत्येक चित्र म्हणजे वाळू उधळलेली करडी पाटी. एकाच बाजूची हजारो चित्रे एकमेकांवर ठेवली की गोंगाट विरतो आणि आकार वर येतो. याचे गणित जोआकिम फ्रँक यांनी बसवले. दोघांना, रिचर्ड हेंडरसन यांच्यासह, २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यात एक गृहीत आहे : सगळे कण सारखे. ते तसे नसतात. एकाचा हात वर, दुसऱ्याचा खाली, तिसऱ्याला आणखी काही चिकटलेले. सगळ्यांची सरासरी काढली तर हात वरही दिसत नाही आणि खालीही नाही. तिथे नुसता धूसर डाग उरतो. म्हणजे जो भाग हलतो, काम करतो, नेमका तोच पुसला जातो! मला हे फार लागले.

रायबोसोम हा पेशीतला प्रथिने घडवणारा कारखाना. त्याचे दोन भाग एकमेकांवर किंचित फिरतात, हे फ्रँक आणि राजेंद्र अग्रवाल यांनी २००० साली दाखवले. त्यासाठी त्यांनी रायबोसोमला रसायनांनी ठरावीक टप्प्यावर थोपवून धरले होते. निवड परीक्षानळीतच झाली म्हणा. पुढे २००७ मध्ये स्योर्स शेरेस आणि सहकाऱ्यांनी सरमिसळ चित्रे तशीच संगणकाला दिली, ९१ हजारांवर. प्रत्येक चित्र अमक्याच ढिगात, असा निकाल संगणक लगेच देत नाही. हे बहुधा पहिल्यातले, थोडे दुसऱ्यातलेही, असा प्रत्येक ढिगाला वाटा देतो. त्यावरून आकृत्या सुधारतो, पुन्हा वाटे करतो. असे फेऱ्यांमागून फेरे. शेवटी फिरलेले रायबोसोम वेगळे निघाले. हा संशयाचा फायदा मला कवी म्हणून आवडला, हे कबूल करतो.

पण धोका उलटाही आहे. निव्वळ गोंगाटाची हजार चित्रे घ्या, आईन्स्टाईनच्या फोटोशी जुळवून एकमेकांवर ठेवा, आईन्स्टाईन उगवतो! हेंडरसन यांनी २०१३ मध्ये या फसगतीवर कडक शब्दांत लिहिले. म्हणून आता चित्रांचे सुरुवातीलाच दोन भाग करून दोन्ही स्वतंत्रपणे सोडवतात आणि मग ताडून पाहतात. तेही पुरेसे नाही. किती ढीग करायचे, कोणता ‘कचरा’ म्हणून टाकायचा, हे अजून माणूसच ठरवतो.

या निवडीचे मोल २०२० साली कळले. कोरोना विषाणूच्या काट्याला पेशी पकडणारे तीन भाग असतात. ते सगळे मिटलेले कण आणि एक भाग वर उचललेले कण, दोन्ही त्याच नमुन्यात होते. सरसकट सरासरी काढली असती तर तो उचललेला भाग अंधूकच राहिला असता.

मी भाचीला विचारले, ‘‘टाकलेल्या ढिगाचे काय करतेस ग?’’

ती म्हणाली, ‘‘मामू, तो पुसत नाही मी. गेल्या महिन्यात पुन्हा उघडलाय.’’

त्यातून नवा आकार निघतो की नुसता बर्फ, हे तिला अजून कळलेले नाही.