पितळी वाद्ये वाजविणारे स्वतः काय ऐकतात?



चिटणीसांनी आम्हास 'संगीताविषयी काही बोला' अशी आज्ञा केली. वस्तुतः संगीतावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि नोकरी शाळामास्तराची. परंतु शाळेचे बँडपथक बरीच वर्षे आमच्या देखरेखीखाली होते, त्यामुळे बिगूल, कॉर्नेट, ट्रंपेट फुंकणाऱ्या मंडळींचा सहवास घडला, आणि एक कुतूहल मनात जे शिरले ते कायमचेच. दिवसभर दुसऱ्यांसाठी फुंकून थकलेला हा मनुष्य रात्री घरी, केवळ स्वतःच्या कानांसाठी, काय ऐकत असेल? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

लोकांची समजूत अशी असते की, बँडवाला बँडच ऐकत असणार. आपण सर्वांनी लग्नकार्यात बँड बोलाविलेला आहे. वरात दाराशी येईपर्यंत त्याच्याशिवाय आपले पाऊल पुढे पडत नाही. एकदा मंडपात शिरलो की तो बाहेर उभा आहे, त्याने पाणी घेतले की नाही, याची चौकशी कोण करतो? अशा मनुष्यास स्वतःची म्हणून काही आवड असेल आणि ती आपल्याहून सूक्ष्म असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही.

यासाठी प्रथम एका जगप्रसिद्ध वादकाकडे जाऊ. लुई आर्मस्ट्राँग याचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी एका अत्यंत दरिद्री निग्रो कुटुंबात झाला. (आज तिकडे 'कृष्णवर्णीय' म्हणतात, आणि तेच योग्य, आमच्या वयाच्या माणसाच्या तोंडी जुना शब्द येतो, त्याबद्दल क्षमा असावी.) लहानपणी तो एका ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या आणि कोळशाच्या गाडीवर काम करी. गिऱ्हाइकांना बोलाविण्यासाठी पत्र्याचे शिंग फुंके. गहाणवटीच्या दुकानातून पहिले कॉर्नेट घेण्यास त्याच कुटुंबाने त्यास साहाय्य केले. पुढे १९१३ साली त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली, आणि तेथील बँडात त्याच्या वादनास शिस्त लागली. जाझ संगीताच्या इतिहासात यापेक्षा मोठे ट्रंपेटवादकाचे नाव नाही, असे जाणते लोक म्हणतात.

आता या तरुणाने कमावता झाल्यावर पहिला ग्रामोफोन घेतला तेव्हा तबकड्या कोणाच्या आणल्या? त्यानेच लिहून ठेवले आहे. जाझच्या काही होत्याच. पण त्यांच्या शेजारी इटलीचा एनरिको कारूसो, आमेलिता गाल्ली-कुर्ची, लुईझा तेत्रात्सिनी आणि आयर्लंडचा जॉन मॅककॉर्मॅक हेही होते. हे सगळे ऑपेराचे गायक. ऑपेरा म्हणजे तिकडील संगीत नाटक, असे तूर्त समजू. आपल्याकडे बालगंधर्वांच्या तबकड्या ज्या भक्तीने ऐकल्या गेल्या, त्याच भक्तीने हा कोळशाच्या गाडीवरचा मुलगा कारूसो ऐकत होता. मॅककॉर्मॅक गाण्याचे वाक्य कसे तोडतो आणि कसे जोडतो, हे त्यास फार आवडे. १९२५-२६ च्या सुमारास शिकागोच्या व्हेन्डोम थिएटरात, मूकपटांना साथ करणाऱ्या वाद्यवृंदात, तो मास्कान्यी याच्या 'कावाल्लेरिया रुस्तिकाना' या ऑपेरातील भाग वाजवून प्रेक्षकांना डोलावीत असे. घरी ऐकलेले असे व्यासपीठावर आले.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. कॅनडातून आलेला गाय लोम्बार्डो नावाचा एक बँडमास्तर होता. त्याचे वादन गोड, संथ, नाचणाऱ्या जोडप्यांना सोयीचे. जाझचे पंडित त्यास नाके मुरडीत. १९२८ च्या सुमारास आर्मस्ट्राँग शिकागोत होता तेव्हा तो आणि त्याचे सोबती रेडिओवर लोम्बार्डोचा कार्यक्रम लक्ष देऊन ऐकत. पुढे १९४९ साली एका अमेरिकन संगीत मासिकाने त्यास नाव न सांगता तबकड्या ऐकविल्या आणि तारे देऊन प्रतवारी करावयास सांगितले. लोम्बार्डोची तबकडी लागताच त्याने ठरलेली मर्यादा ओलांडून आठ तारे देऊन टाकले! टीकाकार चकित झाले. कित्येकांनी ती थट्टा मानली. थट्टा नव्हे, तो आयुष्यभर तेच सांगत राहिला. चाल स्पष्ट ऐकू यावी, ती सुरात असावी, तिच्यावर उगाच कसरत नसावी, ही त्याची कसोटी होती, आणि त्याचा उस्ताद जो ऑलिव्हर यानेही त्यास मूळ चाल सोडू नकोस हेच शिकविले होते.

आमच्या मते या आश्चर्याच्या पोटी एक उद्धटपणा आहे. हा कृष्णवर्णीय जाझवादक. तेव्हा त्याने काय ऐकावे हे त्याच्या कुळावरून आणि धंद्यावरून आधीच ठरलेले असावे, असे त्या मंडळींनी गृहीत धरले होते. आर्मस्ट्राँगने कोणाशी वाद घातला नाही. तो ऐकत राहिला.

परंतु फुंकणाऱ्याचा कान गाणाऱ्याकडेच का धावतो? याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो, वाजविणारा बहिरा असला तरी. ट्रंपेटास कळा तीनच. एकही कळ न दाबता केवळ ओठांचा ताण बदलून त्यातून सा, प, तार सा, ग, प असे स्वर एकामागून एक निघतात. याचा अर्थ असा की, बोटे स्वर ठरवीत नाहीत, ओठ ठरवितात. आणि ओठ कोणाचे ऐकतात? मनात आधी उमटलेल्या स्वराचे. गाणाऱ्याच्या कंठातील पडदे जे काम करतात तेच इथे ओठ करतात, आणि दोघांचेही इंधन श्वास. शिकागोच्या विख्यात वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्यूबा वाजविणारा आर्नोल्ड जेकब्स हा शिष्यांस वारंवार सांगे की, दोनच गोष्टींकडे पाहा: गाणे आणि वारा. ट्रॉम्बोन शिकणारी मुले जगभर ज्या पुस्तकावर मेहनत करतात, ते मुळात मार्को बोर्दोन्यी नामक गायनशिक्षकाने गळ्यासाठी केलेल्या पाठांचे आहे. बोस्टन वाद्यवृंदातील झोआनेस रोशू याने ते १९२८ साली ट्रॉम्बोनसाठी उतरविले. आपल्याकडे वादक 'गायकी अंगाने वाजवितो' असे म्हटले की ती मोठी स्तुती होते. तिकडेही रीत निराळी नाही.

उलट वाटेनेही ही देवघेव चालते. फ्रँक सिनात्रा हा गायक १९४० साली टॉमी डॉर्सी या ट्रॉम्बोनवादकाच्या बँडात दाखल झाला. डॉर्सी एवढी लांब वाक्ये एका दमात कशी वाजवितो, हे कोडे उलगडण्यासाठी सिनात्रा मागे बसून त्याच्या पाठीकडे टक लावून पाही. तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच श्वास घेण्याची डॉर्सीची युक्ती होती. सिनात्राने दम वाढविण्यासाठी पोहण्याचा, धावण्याचा सराव केला आणि ते गुण गळ्यात आणले. पुढे माइल्स डेव्हिस नावाचा ट्रंपेटवादक, जाझमधील दुसरे थोर नाव, याने आत्मचरित्रात सांगितले की, आपण स्वरवाक्यांची ठेवण सिनात्राला ऐकून शिकलो. ट्रॉम्बोनचा श्वास गळ्यात गेला आणि गळ्यातून ट्रंपेटात आला. आम्हास या प्रवासाचे फार नवल वाटते.

या डेव्हिसची ऐकण्याची भूक विलक्षण होती. १९४४ साली तो न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड संगीतशाळेत दाखल झाला. वर्गांचा त्यास लवकरच कंटाळा आला, पण ग्रंथालयातून तो स्ट्राविन्स्की, आल्बान बर्ग, प्रोकोफिएव्ह यांच्या रचनांच्या स्वरलिप्या घरी नेऊन वाची. (शाळा सोडणारा विद्यार्थी ग्रंथालय सोडत नसेल तर मास्तराने फार रागावू नये.) १९५९ साली एका मित्राने त्यास स्पेनच्या रोद्रिगो याच्या गिटार-रचनेची तबकडी दिली. ती त्याच्या मनातून जाईना. त्यातून १९६० साली 'स्केचेस ऑफ स्पेन' ही ध्वनिमुद्रिका निघाली. आणि १९७२ सालच्या 'ऑन द कॉर्नर' या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या ट्रंपेटाबरोबर सतार आणि बादल रॉय यांचा तबला आहे. ती ऐकून आम्हास मौज वाटली, आनंद झालाच असे म्हणवत नाही.

आता आपल्या जवळ येऊ. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. त्या मुलांतील कित्येक पुढे मुंबईत आले. हळदोण्यात १९१६ साली जन्मलेला आन्तोनियो शाव्हियेर व्हाज हा त्यांतलाच. 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबई त्यास ओळखी. त्याने आर्मस्ट्राँगला मनोभावे ऐकले होते, इतके की लोक त्यास हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ताजमहाल हॉटेलात जाझ, तर चित्रपटसृष्टीत संगीतकार सी. रामचंद्र यांचा साहाय्यक. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात तो आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतो. नगर जिल्ह्यात जन्मलेला मराठी संगीतकार, गोव्याचा ट्रंपेटवादक आणि न्यू ऑर्लिन्सहून तबकडीवरून आलेला ढंग, अशी ती त्रिवेणी आहे. १९६७ साली चिक चॉकलेट निवर्तला.

आमच्या बँडपथकातील एक विद्यार्थी पुढे लग्नाच्या बँडात कॉर्नेट वाजवू लागला. एके दिवशी बाजारात भेटला तेव्हा आम्ही विचारले, "बाबा रे, घरी काय ऐकतोस?" तो म्हणाला, "गुरुजी, भीमसेनअण्णांचे अभंग." आम्ही म्हटले, भक्ती म्हणून? "तेही आहे. पण अण्णांचा दम कुठे संपतो ते शोधतो. सापडत नाही." चौकात सिनेमाची गाणी फुंकणारा तो मुलगा घरी असा अभ्यास करीत होता, आणि त्याच्या घरच्यांखेरीज कोणास त्याचा पत्ता नव्हता. कित्येक यजमानांनी त्यास मोठ्याने वाजव म्हणून बजावले असेल. तू काय ऐकतोस हे एकानेही विचारले नसेल.

आर्मस्ट्राँगचे ऐकणे मात्र जगास पाहावयास मिळते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना येथे त्याची पत्नी लुसिल हिने १९४३ साली साधेसे घर घेतले. अखेरपर्यंत तो तेथेच राहिला आणि ६ जुलै १९७१ रोजी तेथेच वारला. घरात एका लहान खोलीत त्याची ध्वनिमुद्रणाची यंत्रे असत. तबकड्या फितीवर उतरवून घेणे, मित्रांशी चाललेल्या गप्पा मुद्रित करणे, प्रत्येक फितीस क्रमांक देऊन वहीत नोंद करणे, हा त्याचा छंद. फितींच्या खोक्यांवर तो छायाचित्रांचे आणि वर्तमानपत्रांचे तुकडे कातरून चिकटवी. अशा सुमारे ६५० फिती त्याच्यामागे राहिल्या. शेवटच्या दोन-तीन वर्षांत डॉक्टरांनी वाजविण्यास मनाई केली असता तो पुष्कळ वेळ याच खोलीत असे. २००३ सालापासून ते घर संग्रहालय म्हणून खुले आहे, आणि पाहुण्यांना खोल्याखोल्यांतून त्या फितींतील त्याचा आवाज ऐकवितात.

आमचे बोलणे संपले. चिटणीसांच्या चिरंजीवांनी मोबाइल आणि कर्ण्याची व्यवस्था केलेली आहे. प्रथम कारूसोचे १९०७ सालचे 'पाल्याच्ची' ऑपेरातील गाणे लागेल. लगेच त्यापाठोपाठ आर्मस्ट्राँगचे १९२८ सालचे 'वेस्ट एंड ब्लूज'. त्याच्या आरंभी ट्रंपेट एकटेच वाजते, तेवढा वेळ पानसुपारीचे तबक कृपया फिरवू नये. बाहेर आजच्या मिरवणुकीसाठी आलेली बँडची मंडळी उभी आहेत. त्यांनाही आत बोलवावे, खुर्च्या रिकाम्या आहेत.