पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मागा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोजचं काम आकड्यांचं, म्हणून आज मौद्यातही एका आकड्यापासून सुरुवात करतो. एक एकरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 4 लाख लिटर पाणी पडतं. काही वाहून जातं, काही वाफ होतं, उरलेलं मुरतं. मुरलेलं पाणी सातबारा पाहत नाही. एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते.

आपल्याकडे कन्हान आहे, पेंचचा कालवा आहे. म्हणून पाण्याची चिंता दुष्काळी भागाने करावी, असं वाटतं. पण कालव्याला पाणी आलं नाही, की धानासाठी सगळे जमिनीखालच्या पाण्यावरच तुटून पडतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहा. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला ते पाहायचं. आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर उन्हाळी पीक कमी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. नियम गावाने स्वतः केले, म्हणून ते टिकले.

कायदाही आहे. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम 1 जून 2014 पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहिरींना त्याने मनाई केली. पण रात्री बोअरची गाडी येते तेव्हा तिथे अधिकारी नसतो, गाव असतं. गाव गप्प राहिलं, तर कायदा कागदावरच राहतो.

मग आपण काय करायचं? ग्रामसभेला जायचं. आई-बहिणींनी तिच्याआधीच्या महिला सभेत बोलायचं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते; आपल्या भागातले आकडे मागून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावायचे. आणि सुरुवात स्वतःपासून: मशिदीची, मदरशाची बोअर किती खोल, रोज किती तास चालते, हे पहिल्यांदा आपण लिहून द्यायचं. स्वतःचा हिशेब समोर ठेवणाऱ्यालाच दुसऱ्याचा हिशेब विचारता येतो.

पाणी सगळ्यांचं आहे, तर हिशेबही सगळ्यांसमोर व्हायला हवा. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या.